जनावरांशी संबंध नाही

ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्सला रुग्णालयात सगळे सिस्टर म्हणत आणि घरी थोरली. घरात माणसं तीनच: आई, ती आणि धाकटी बहीण. वडील लवकर गेले, आई शाळेत शिपाईण. त्यामुळे धाकटीच्या वेण्या घालण्यापासून तिला गणितात कसंबसं काठावर पास करण्यापर्यंत सगळं थोरलीच्याच गळ्यात पडलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. कोणी विचारलंच तर म्हणायची, बघायला आलेले सगळे माझ्या हातातली सुई बघून पळाले.

धाकटीने लग्न मात्र आपल्या मनाने केलं. नवरा कत्तलखान्यात कापणीवर होता. हसरा, दांडग्या हाताचा, सासूचा शब्द खाली पडू न देणारा माणूस. थोरलीला तो आवडायचा, त्याच्या कामाची रीत आवडायची नाही. रक्ताचं तिला वावडं नव्हतं, तिचाही दिवस रक्तातच जायचा. पण हा उघड्या हातांनी कापायचा, उघड्या हातांनी सोलायचा आणि जनावराच्या अंगावरची गोचीड दिसली की नखाने टचकन फोडायचा. जेवणाच्या ताटावर बसून तो हे सांगायचा आणि धाकटी त्याला कोपराने ढोसायची.

त्या वर्षी आसपासच्या भागात एक वाईट ताप आला. तो गोचिडींतून पसरत होता. रुग्णालयात सगळ्यांना सभागृहात बसवून त्याची माहिती दिली ती तिथल्या सर्जननीच. त्यांना पाठीमागे सगळे शिंपी म्हणत, कारण त्यांच्या टाक्यांची रेघ शिवणयंत्रावर घातल्यासारखी सरळ असायची. ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी सांगितलं की या तापाचं सगळ्यात फसवं काय, तर जनावर ठणठणीत असतं. चरतं, पाणी पितं, शेपटी हलवतं. विषाणू त्याच्या रक्तात असतो आणि गोचिडीत असतो. गोचीड चावली, हाताने चिरडली किंवा ताजं रक्त कातडीवरच्या ओरखड्याला लागलं की माणूस सापडला. सुरुवातीला साधा ताप, कंबरदुखी, लाल डोळे, कधी पोटात कळा. मग रक्त गोठेनासं होतं आणि वाट मिळेल तिथून वाहू लागतं. ते रक्त ज्याला लागेल तो पुढचा.

त्यावर उपायही त्यांनी सांगितला. बाहेरून आलेली जनावरं लगेच कापायची नाहीत. फवारणी करून, गोचिडी मरून जाईपर्यंत वेगळी बांधायची. कापणाऱ्याने हातमोजे, बूट आणि डोळ्यांवर चष्मा घालायचा. आणि दवाखान्यात तापाचा माणूस आला की हात लावायच्या आधी एक प्रश्न विचारायचा: जनावरांशी संबंध आला का?

थोरली त्याच संध्याकाळी धाकटीकडे गेली. कत्तलखान्याच्या मागच्या चाळीत, मालकानेच दिलेल्या दोन खोल्यांत ते राहत. तिने सगळं समजावून सांगितलं, येताना हातमोज्यांचा खोकाही नेला होता. जावई हसून म्हणाला की मोजे घातले की सुरी निसटते आणि मग बोट जातं, ताप परवडला. पुढच्या खेपेला थोरलीने पुन्हा तोच विषय काढला, त्याच्या पुढच्याही. शेवटी एक दिवस धाकटीने सांगून टाकलं की त्यांनी ते काम सोडलं, आता मंडईत भाजीच्या गाड्या उतरवतात. थोरलीला इतका आनंद झाला की तिने येताना पेढे आणायचे राहिले म्हणून स्वतःलाच दोष दिला. ते खोटं होतं. ताईच्या तोंडाचा पट्टा बंद व्हावा म्हणून धाकटीने एक थाप मारली होती, घराघरात मारतात तशी.

त्यानंतर काही आठवड्यांनी धाकटी नवऱ्याला टेम्पोत घालून रुग्णालयात घेऊन आली. ताप चढलेला, पोट धरून तो कळवळत होता, डोळे गुंजेसारखे लाल. थोरली थिएटरमधून धावत खाली फाटकापर्यंत आली. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, रडू नकोस, आमचे सर आहेत.

सर आले. त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी दोन हातमोजे चढवले, एकावर एक. पोट उजव्या बाजूला कडक लागत होतं. अपेंडिक्स फुटायला आलं असावं असं दिसत होतं, पण त्यांची नजर सारखी त्या डोळ्यांकडे जात होती. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट कमी आल्या होत्या. त्यांनी धाकटीला बाजूला घेतलं. थोरली तिथेच होती.

"काम काय करतात हे?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. "मंडईत. भाजीच्या गाड्या उतरवतात."

"जनावरांशी काही संबंध? गोठा, कत्तलखाना, चामड्याचं काम? गेल्या काही दिवसांत गोचीड चावली, कुठलं रक्त हाताला लागलं?"

"नाही."

"नीट आठवून सांगा. तुमच्यावर कोणी रागावणार नाही. असेल तर उपचारच वेगळे आहेत."

"नाही हो डॉक्टर. जनावरांशी काही संबंध नाही."

सर्जन थोरलीकडे वळले. थोरली म्हणाली, "सर, आधी कापणीवर होते, पण ते काम सोडून बरेच दिवस झाले. माझी सख्खी बहीण आहे, मला माहीत आहे."

दुपारपर्यंत दुखणं वाढलं आणि त्यांनी ऑपरेशनचा निर्णय घेतला.

पोट उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच सगळ्यांच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. कातडीच्या कडा पाझरत होत्या. पुसलं की पुन्हा ओलं, दाबून धरलं की बोटांच्या फटींतून. हाताला सलाईन लावलं होतं तिथली पट्टी लाल होऊन गळायला लागली होती. अपेंडिक्स बाहेर काढलं, तर ते गुलाबी आणि निरोगी होतं. पोटात काहीच नव्हतं. सर्जननी ते तबकात ठेवलं आणि थोरलीच्या डोळ्यांत पाहिलं.

"सिस्टर, हे रक्त थांबणार नाही," ते शांतपणे म्हणाले. "ज्यांची गरज नाही त्यांना बाहेर काढा. दार लावून घ्या. कोणीही कशालाही उघडा हात लावायचा नाही."

भूल देणाऱ्या डॉक्टर, ते स्वतः आणि थोरली एवढेच आत राहिले. त्यांनी पोट बंद करायला घेतलं. टाक्यांची रेघ नेहमीसारखीच सरळ चालली होती, पण रक्ताने माखलेली सुई घसरत होती. एकदा ती घसरली आणि त्यांच्या डाव्या हाताच्या बोटात गेली, दोन्ही मोज्यांतून आरपार. त्यांनी हात मागे घेतला, मोजे काढले, बराच वेळ पाण्याखाली हात धरला, नवे मोजे घातले आणि उरलेले टाके पूर्ण केले.

बाहेर आल्यावर थोरलीने बहिणीचा हात धरून तिला जिन्याखाली नेलं आणि पुन्हा विचारलं. आता धाकटीला बोलावंच लागलं. काम त्याने सोडलंच नव्हतं. शिवाय मालकाने हद्दीपलीकडून मेंढ्यांचा एक कळप आणवला होता, तपासणी नाही, फवारणी नाही. रात्रीत आणला आणि सकाळी कापायला घेतला. गोचिडी इतक्या होत्या की कापणारे हातावरून झटकून टाकत होते. आणि आणखी एक गोष्ट होती. त्याच कळपावर काम केलेला दुसरा एक कापणारा आठवड्यापूर्वी तापाने गेला होता. तो एका खाजगी दवाखान्यात गेला, त्याने खरं सांगितलं आणि त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. तो टेम्पोतच मेला. मुकादमाने सगळ्यांना बजावलं होतं की पुढच्याने तोंड उघडलं तर खोल्या खाली करायच्या. पण धाकटीला भीती खोल्यांची नव्हती. तिला तो टेम्पो दिसत होता.

थोरली तिच्यावर ओरडली नाही. थेट सरांना सांगायला धावली. त्या दिवसापासून थिएटर बंद झालं, वॉर्डाचा एक भाग प्लास्टिकचे पडदे लावून वेगळा केला, आणि ऑपरेशनच्या वेळी आत होते त्या सगळ्यांना घरी जायला बंदी झाली. रक्ताचे नमुने दूरच्या प्रयोगशाळेत गेले. उत्तर यायच्या आधीच सर्जननी जावयाला त्या तापाचं औषध सुरू करायला लावलं होतं.

जावई वाचला. हिरड्यांतून रक्त आलं, दंडावर काळेनिळे डाग पडले, दोनदा सगळ्यांनी आशा सोडली, तरी वाचला. थोरलीला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना काही झालं नाही. सर्जनना ताप आला.

त्यांनी आपल्याला काय झालंय हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. सकाळी आरशात डोळे बघून त्यांनी नर्सला हाक मारली आणि दारातूनच थांबायला सांगितलं. पुढे रक्त घ्यायला कोणी आलं की ते स्वतः दंडाला पट्टा बांधून हात तयार ठेवायचे, म्हणजे समोरच्याला कमीत कमी वेळ जवळ थांबावं लागावं. थोरली स्वतः देखरेखीखाली होती, तरी हट्ट करून पूर्ण पोशाख चढवून त्यांच्याकडे जायची. ते विनोद करायचे, या पोशाखात तुम्ही कापूस भरलेल्या गादीसारख्या दिसता म्हणायचे. बहिणीबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, तेही तिचा नवरा खातोय का, एवढंच. मग बोलणं थांबलं. त्यांच्या बायकोला काचेपलीकडून बघायची परवानगी होती. शेवटच्या दिवशी त्यांना नीट पुसून, चेहऱ्यावरचं रक्त दिसू नये असं वळवून मगच थोरलीने पडदा सरकवला. त्यांना घरी नेता आलं नाही. पिशवी बंद केली ती त्याच पोशाखातल्या चार माणसांनी, आणि बायकोच्या हाती आला तो उकळून काढलेला त्यांचा चष्मा.

सगळं निवल्यावर चौकशी आली. वरून तीन माणसं आली, त्यांनी दोन दिवस चहा पीत कागद पाहिले, आणि हळूहळू सगळ्यांना कळायला लागलं की वारा कुठल्या बाजूला वाहतोय. तापाचा रुग्ण, लाल डोळे, कमी प्लेटलेट. तरी सर्जनने नीट चौकशी न करता पोट उघडलं. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांचीच सोय होती. रुग्णालयाची होती. कत्तलखान्याच्या मालकाची तर फारच होती, कारण तो कळप कागदोपत्री कधी आलाच नव्हता.

सर्जनची बायको थोरलीला शोधत नर्सेसच्या खोलीत आली. थकलेली, साधी बाई, कुठल्याशा कॉलेजात भूगोल शिकवायची. बसली नाही. म्हणाली की आजारी पडल्यावर फोनवर ते मला म्हणाले होते, मी विचारलं होतं. कोणाला, काय, ते सांगितलं नाही. "तुम्ही तिथे होतात," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं का?"

थोरली म्हणाली, "हो. विचारलं होतं."

"मग हे त्या लोकांना सांगाल?"

थोरलीने होकारार्थी मान हलवली. ही बातमी धाकटीपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण त्याच संध्याकाळी ती आईच्या घरी हजर झाली. आई स्वयंपाकघरात होती. थोरली कपडे घड्या करत होती. धाकटी दाराशीच उभी राहिली. जावई नुकताच भिंत धरून चालायला लागला होता. मालकाने त्याला परत घ्यायचं कबूल केलं होतं, खोल्याही ठेवल्या होत्या. ताईने उद्या तोंड उघडलं तर कत्तलखान्याला टाळं लागणार होतं, आणि कळप हद्दीपलीकडून हाकून आणणाऱ्यांत जावई स्वतः होता, तेव्हा पोलीस पहिल्यांदा त्याच्याकडे येणार होते.

"तू काही बोलू नकोस ताई," धाकटी म्हणाली. "ते गेले. आता त्यांना काय फरक पडतो?"

"त्यांच्या बायकोला पडतो."

"आणि मला नाही पडत? मी तुझी कोण? मी खोटं बोलले म्हणून माझा नवरा जिवंत आहे. खरं सांगितलं असतं तर तुम्हीही फाटकातून घालवलं असतं."

"तुझा नवरा औषधाने जिवंत आहे म्हण, नाहीतर नशिबाने म्हण. ऑपरेशन लागतच नव्हतं त्याला. पोटात काहीच नव्हतं. तू खरं सांगितलं असतंस तर ते औषध त्याला सकाळीच मिळालं असतं, आणि सर आज वॉर्डात फिरत असते."

धाकटीला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ती चपला पायात सरकवू लागली. मग म्हणाली, "हे मला सांगायची काय गरज होती?" आणि निघून गेली. आईने आतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, हात पदराला पुसले आणि थोरलीला म्हणाली की बहिणीचा संसार मोडून तुला कोणतं पदक मिळणार आहे, ते मला एकदा दाखव.

थोरलीने दुसऱ्या दिवशी जबाब दिला. सर्जननी काय विचारलं, बहिणीने काय उत्तर दिलं, आणि आपण त्या उत्तराची हमी कशी दिली, तेही. शेवटचा भाग कोणी विचारलाच नव्हता. समितीतल्या एकाने चष्मा कपाळावर चढवून तिला विचारलं की सिस्टर, हे तुम्हाला नक्की लिहून द्यायचंय का? ती हो म्हणाली.

अहवालात सर्जनवरचा ठपका गेला. त्याच्या जागी दोन ओळी आल्या, की नातेवाइकांनी माहिती दडवली आणि कर्मचाऱ्याने वैयक्तिक ओळखीच्या आधारे ती खरी मानली. थोरलीला थिएटरवरून काढून बाह्यरुग्ण विभागात टाकलं. सर्जनच्या बायकोने अहवालाची प्रत वाचली, आभार मानले आणि ती आपल्या माहेरच्या गावी निघून गेली. पुन्हा तिने कधी संपर्क ठेवला नाही. थोरलीला त्याचं वाईट वाटलं आणि वाईट वाटतंय याची लाजही वाटली.

कत्तलखान्याला टाळं लागलं. वर्तमानपत्रात फोटो आला. पावसाळा सरेपर्यंत मालकाने मेव्हण्याच्या नावाने तो पुन्हा उघडला. आता फाटकाशी काचेचं कपाट आहे, त्यात हातमोजे, चष्मे आणि बूट ओळीने मांडलेले आहेत, आणि कपाटाची किल्ली मुकादमाच्या कमरेला. तपासनीस आला की ते उघडतात. जावयाला परत घेतलं नाही. पोलिसांनी त्याला काही दिवस आत ठेवून सोडलं, कळप आणवणाऱ्या मालकाला एकदाही बोलावलं नाही. खोल्या गेल्या. आजारानंतर त्याच्या हातात पूर्वीचा जोर राहिला नाही, एका गोदामावर पहारेकरी म्हणून बसतो. शेजारी अजून त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत. तो आता कोणाला लागण देऊ शकत नाही, हे थोरलीने एकदा तिथे जाऊन त्यांना समजावलं असतं, पण तिला त्या दारात पाऊल टाकायची बंदी होती.

पुढच्या वर्षी आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला उचलायला, कूस बदलायला दोन माणसं लागत. त्यामुळे धाकटी रोज सकाळी येऊ लागली. दोघी बहिणी आईच्या दोन बाजूंना उभ्या राहत, एकमेकींच्या हातांचा अंदाज घेत तिला अलगद वर घेत. हे त्यांना न बोलता जमायचं. बाकी जे काही बोलायचं ते आईमार्फत. आई, तिला सांग, चादर खालून ओढ. आई, हिला सांग, गोळी रिकाम्या पोटी देऊ नको. आई बिचारी मध्ये पडून छताकडे बघायची. सुरुवातीला ती निरोप पोचवायची, पुढे तिने तेही सोडलं, कारण निरोप आधीच पोचलेला असायचा.

एका सकाळी आईला पुसून झालं होतं. धाकटी ओला कपडा पिळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, हिला विचार. त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं आणि आम्हाला फाटकातून हाकललं असतं, तर ही काय करणार होती?"

थोरलीने आईच्या पाठीखाली उशी सरकवली. "आई, तिला सांग, फाटकात मीच उभी होते."

धाकटीने कपडा झटकून दोरीवर टाकला. आईने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, मला जरा भिंतीकडे तोंड करून झोपवा. दोघींनी दोन बाजूंनी हात घातले आणि तिला वळवलं.